चाल, वेग आणि त्वरण : नववी ते अकरावीच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. जूनमध्ये नववीची नवी तुकडी येते आणि पहिल्या पंधरवड्यातच हे प्रश्न विचारले जातात. काही मुलं विचारतात, काही त्यांचे आईवडील संध्याकाळी फोन करून विचारतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगते. या धड्यात मुलं आकडेमोडीत फारशी अडकत नाहीत. गाडी किती वेगात आहे आणि तो वेग किती भराभर बदलतो आहे, या दोन गोष्टींची गल्लत झाली की अडकतात. म्हणून त्वरणाच्या प्रश्नांना खाली जास्त जागा दिली आहे.

बोलताना आपण वेग, गती, स्पीड सगळं एकच म्हणून वापरतो. मग पुस्तकात चाल आणि वेग वेगळे कशाला?

कारण दिशा. बोलताना दिशा समोरच्याला ठाऊक असते, म्हणून आपण ती सांगत नाही. ‘गाडी साठच्या स्पीडने होती’ एवढं पुरतं. पण दोन गाड्या साठच्या स्पीडने आहेत, एक साताऱ्याकडे आणि दुसरी मुंबईकडे, तर तासाभराने त्या कुठे असतील हे साठ या आकड्यावरून कळणार नाही.

नुसता आकडा सांगितला की ती चाल. आकड्याबरोबर दिशा सांगितली की तो वेग. पुस्तकातल्या शब्दांत चाल ही अदिश राशी आणि वेग ही सदिश राशी.

चाल हा शब्द मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतो. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते, आणि चालणं म्हणजे तर पायी जाणं. पण जुन्या मराठीत घोड्याची चाल, बैलाची चाल असं म्हणतच होते, तिथूनच हा शब्द घेतला आहे असं समजा. ‘गती’ मात्र राशी म्हणून वापरू नका. जागा बदलत असण्याच्या अवस्थेला गती म्हणतात. ‘वस्तू गतीत आहे’ हे बरोबर, ‘वस्तूची गती २० मीटर प्रति सेकंद आहे’ असं उत्तरपत्रिकेत लिहू नये.

अंतर आणि विस्थापन यांतला फरक एका उदाहरणात सांगा.

जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकेरी आहेत. तुम्ही डेक्कनला गुडलक चौकापाशी स्कूटर लावून बसला आहात आणि पार्किंगला जागा मिळते का बघायला एका रस्त्याने गेलात, दुसऱ्याने परत आलात आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबलात. स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यावर समजा अडीच किलोमीटर वाढले. ते अंतर. सुरुवातीच्या जागेपासून शेवटची जागा किती दूर आणि कोणत्या दिशेला, ते विस्थापन. इथे ते शून्य.

चाल काढताना अंतराला वेळेने भागायचं आणि वेग काढताना विस्थापनाला. त्यामुळे या फेरीची सरासरी चाल काहीतरी येईल, सरासरी वेग मात्र शून्य येईल. पेट्रोल जळलं ते अंतराच्या हिशोबाने.

पण सरासरी वेग शून्य हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. त्याचा उपयोग काय?

गोल फेरीचं उदाहरण टोकाचं आहे. नेहमीचं उदाहरण घेऊ. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून पुणे–मुंबई धावते आहे. ती सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते आणि वेळापत्रकाप्रमाणे १० वाजून २५ मिनिटांनी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. लोहमार्गाची लांबी १९२ किलोमीटर. ३ तास १० मिनिटांनी भागलं की सरासरी चाल ताशी साधारण ६० किलोमीटर येते.

आता नकाशावर पट्टी ठेवा. पुणे स्टेशनपासून त्या टर्मिनसपर्यंत सरळ रेषेत अंतर भरतं सुमारे १२० किलोमीटर, वायव्य दिशेला. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर, वायव्येकडे. घाट उतरायला आणि कल्याणवरून वळायला रूळ जेवढे वाकडे गेले, तेवढा या दोन आकड्यांत फरक पडला. सरळ उडत गेलेल्या पक्ष्याला गाडीच्या बरोबर पोचायला किती चाल लागेल, याचं उत्तर सरासरी वेगाने मिळतं. आणि एवढ्यावरून हेही लक्षात येईल की सरासरी वेगाचा आकडा सरासरी चालीपेक्षा कधीच मोठा असू शकत नाही. फार तर सारखा असेल, तोही रस्ता सरळसोट असेल आणि मध्ये मागे फिरला नसाल तर.

ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद करताना ५/१८ ने गुणायचं हे पाठ करावं का?

पाठ करू नका, एकदा करून बघा. १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद, आणि १०००/३६०० म्हणजे ५/१८. मी मुलांना एकच जोडी लक्षात ठेवायला सांगते: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. बाकी सगळं त्याच्या आधाराने निघतं. ताशी १८ म्हणजे ५, ताशी ७२ म्हणजे २०.

जाताना ताशी ३० आणि येताना ताशी १५. सरासरी साडेबावीस का येत नाही?

हा प्रश्न परीक्षेत दर वर्षी कुठे ना कुठे येतो आणि निम्मा वर्ग चुकतो. कोथरूडहून हिंजवडीला जायचं आहे, १५ किलोमीटर धरा. सकाळी लवकर निघालात, ताशी ३० ने अर्ध्या तासात पोचलात. संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये ताशी १५ ने यायला पूर्ण तास लागला. एकूण अंतर ३० किलोमीटर, एकूण वेळ दीड तास. सरासरी चाल ताशी २०.

साडेबावीस यायचं असेल तर दोन्ही चालींना सारखा वेळ मिळायला हवा. इथे अंतर सारखं आहे, वेळ नाही. मंद चालीने तुम्ही दुप्पट वेळ होतात, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. हे एकदा मनाशी पटलं की सूत्र आठवावं लागत नाही: एकूण अंतर, भागिले एकूण वेळ. चालींची बेरीज करून दोनाने भागण्याची सवय पाचवीपासून लागलेली असते, ती मोडायला थोडे दिवस लागतात.

गाडीचा स्पीडोमीटर चाल दाखवतो की वेग?

चाल, आणि तीही त्या क्षणाची. वळणावर गाडी फिरली तरी काटा हलत नाही, म्हणजे दिशा त्याला कळतच नाही. शेजारी होकायंत्र ठेवलंत तर दोघांचं मिळून वेगाचं वाचन होईल. (तो काटा खऱ्या चालीपेक्षा साधारणपणे थोडा जास्तच दाखवतो. कमी दाखवू नये असा नियम असतो. म्हणून फोनवरच्या नकाशाचा आकडा आणि काटा पुरते जुळत नाहीत.)

अकरावीतली मुलं इथे एक चांगली शंका काढतात. एका क्षणात गाडी पुढे सरकतच नाही, मग त्या क्षणाची चाल कुठून आली? उत्तर असं की क्षणाच्या भोवतीचा छोटा काळ घ्यायचा. १ सेकंदात किती मीटर गेली ते बघा, मग दशांश सेकंदात, मग शतांश सेकंदात. दर वेळी भागाकार करा. हे उत्तर एका आकड्याच्या जवळ जवळ जात राहतं, आणि तो आकडा म्हणजे तात्क्षणिक चाल. पुढे कलनशास्त्रात हीच कल्पना नीट मांडलेली भेटेल.

दोन कमानींवर कॅमेरे लावून गाडीची सरासरी चाल मोजण्याची पद्धत आहे. समजा मर्यादा ताशी १०० आहे आणि १० किलोमीटर अंतरावरच्या दोन कमानी तुम्ही ५ मिनिटांत ओलांडल्या. सरासरी झाली १२०. कमानीखाली तुम्ही ८० ने गेलात हे सांगून सुटका नाही, कारण सरासरी १२० यायला मध्ये कुठेतरी काटा १२० वर किंवा त्याच्या वर गेलेला असलाच पाहिजे.

त्वरण म्हणजे नेमकं काय? आणि मीटर प्रति सेकंदाचा ‘वर्ग’ म्हणजे काय? वेळेचा वर्ग कसा असेल?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, सावकाश वाचा.

शब्दापासून सुरू करू. ‘त्वरा करा’ मधली त्वरा तीच त्वरणातली. जुन्या मराठी पुस्तकांत याला प्रवेग म्हणत. दोन्ही शब्दांमुळे त्वरण म्हणजे खूप वेग असं वाटतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वेग खूप आहे की थोडा, याच्याशी त्वरणाला कर्तव्य नाही. वेग किती झपाट्याने बदलतोय, एवढंच त्वरण सांगतं.

अलका टॉकीज चौकात सिग्नल सुटला. स्कूटर निघाली. दर सेकंदाला काट्याकडे बघितलं तर समजा असं दिसलं: ०, ९, १८, २७, ३६. म्हणजे प्रत्येक सेकंदाला काटा ९ ने वर सरकतोय. हे त्वरण झालं: ताशी ९ किलोमीटर, दर सेकंदाला. असं बोललात तरी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काही चुकलं नाही. फक्त यात तास आणि सेकंद अशी दोन वेगळी मापं आली, म्हणून ताशी ९ किलोमीटरचे अडीच मीटर प्रति सेकंद करायचे. आता वाक्य होतं: अडीच मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला. ‘प्रति सेकंद’ दोनदा आलं म्हणून लिहिताना सेकंदाचा वर्ग लिहितात. वेळेचा चौरस वगैरे काही नसतो. पहिला सेकंद वेगातला, दुसरा सेकंद तो वेग बदलायला लागलेला. मोठ्याने वाचताना मी मुलांना ‘मीटर प्रति सेकंद, प्रति सेकंद’ असंच म्हणायला लावते, मध्ये थांबून. पंधरा दिवस असं वाचलं की वर्ग आपोआप समजतो.

आता तुलना करा. एक्सप्रेस वेवर ताशी १०० ने एकसारखी, सरळ जाणारी मोटार: त्वरण शून्य. सिग्नलवरून नुकतीच सुटलेली, अजून ताशी ९ वरच असलेली स्कूटर: त्वरण अडीच. मेट्रो स्टेशनातून निघते तेव्हा साधारण १ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंदाच्या आसपास त्वरण असतं, म्हणून उभ्या माणसालाही फार तोल सावरावा लागत नाही. पुढे मेट्रो स्कूटरपेक्षा कितीतरी वेगात जाते, तो भाग वेगळा. तिचं त्वरण कमी असतं, पण ते जास्त वेळ चालू राहतं.

वेग शून्य आणि त्वरण शून्य नाही, असं होऊ शकतं का?

होतं, आणि हे ज्याला पटलं त्याला त्वरण समजलं असं मी मानते.

चेंडू सरळ वर फेका, २० मीटर प्रति सेकंदाने. हिशोब सोपा व्हावा म्हणून गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे मिळणारं त्वरण, १० धरू. दर सेकंदाला वरच्या दिशेचा वेग १० ने कमी होतो: २०, १०, ०, मग −१०, −२०. दोन सेकंदांनी चेंडू सगळ्यात वर आहे आणि वेग शून्य आहे. वर्गात विचारलं की त्या क्षणी त्वरण किती, तर निम्मे हात ‘शून्य’ला वर होतात. मग मी उलट विचारते: वेग शून्य आहे आणि त्वरणही शून्य आहे, म्हणजे वेग बदलणार नाही, म्हणजे पुढच्या क्षणीही शून्यच. मग चेंडू खाली येईल कसा? तो तिथेच टांगलेला राहायला हवा.

चेंडू खाली येतो, कारण शेंड्यावरही त्वरण खाली १० च आहे. वेगाच्या यादीत शून्य हा १० आणि −१० यांच्या मधला एक आकडा आहे, काटा तिथून जाता जाता गेला, थांबला नाही.

दुसरं उदाहरण बघायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फुको लंबक, म्हणजे उंचावरून टांगलेला मोठा लंबक, आहे. लंबक टोकाला पोचतो तिथे क्षणभर वेग शून्य होतो, आणि त्याला मागे ओढणारं त्वरण तिथेच सगळ्यात जास्त असतं. मधोमध येतो तेव्हा वेग सगळ्यात जास्त, आणि चाल वाढवणारं किंवा कमी करणारं त्वरण शून्य. वेग आणि त्वरण हातात हात घालून चालत नाहीत, हे डोळ्यांनी दिसतं. झोपाळा असेल तर घरीही दिसतं.

ऋण त्वरण म्हणजे ब्रेक लावणं ना?

पुस्तकात ऋण त्वरणाला अवत्वरण किंवा मंदन म्हटलेलं असतं, आणि गाडी धन दिशेला जात असेल तर ते बरोबरच आहे. पण ऋण हे चिन्ह दिशेचं आहे. वरच्या चेंडूचं बघा: वर धन धरलं तर त्वरण सगळा वेळ ऋण आहे. जाताना चेंडू मंदावतो, येताना त्याची चाल वाढते, चिन्ह तेच. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: वेग आणि त्वरण एकाच दिशेला असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर कमी होते. गणित सुरू करण्याआधी कोणती दिशा धन धरली ते कागदावर बाण काढून लिहा. माझ्या अनुभवात चिन्हाच्या चुका त्या एका बाणाने जवळजवळ संपतात.

काटा ३० वर स्थिर आहे. मग त्वरण नाहीच ना?

रस्ता सरळ असेल तर नाही. वळत असाल तर आहे, कारण दिशा बदलली की वेग बदलला. वळणाच्या आतल्या बाजूला, केंद्राकडे असणारं हे अभिकेंद्री त्वरण. ते काढायला चालीच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागतात. रिक्षा ताशी १८ ने, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंदाने, १० मीटर त्रिज्येच्या वळणावर वळली तर २५ भागिले १०, म्हणजे अडीच. तीच रिक्षा त्याच वळणावर ताशी ३६ ने घातली तर १००/१० म्हणजे १०, जवळपास गुरुत्व त्वरणाएवढं. रिक्षा घसरेल नाहीतर उलटेल. चाल दुप्पट, त्वरण चौपट.

बसमध्ये झटका बसतो तो वेगामुळे की त्वरणामुळे?

त्वरणामुळे. वेग आपल्याला जाणवतच नाही. याचा मोठा पुरावा म्हणजे तुम्ही आत्ता बसला आहात ती खुर्ची. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पुण्याच्या अक्षांशावरची प्रत्येक वस्तू ताशी सुमारे १,५९० किलोमीटरने पूर्वेकडे जाते आहे. चहा कपातून सांडत नाही, कारण हा वेग जवळजवळ बदलत नाही. दिशा बदलण्यामुळे येणारं त्वरण ०.०३ च्या आसपास आहे, म्हणजे मेट्रोच्याही तीसपट कमी.

पीएमपीची बस थांब्यावरून निघते तेव्हा ताशी १० चासुद्धा वेग नसतो, तरी उभी माणसं मागे जातात. पायाखालचा भाग बसबरोबर पुढे गेला, वरचं शरीर जडत्वाने मागेच राहिलं.

गतीची तीन समीकरणं पाठ करायची का?

तीनही एका आलेखातून निघतात. वेग–काळ आलेख काढा: सुरुवातीच्या वेगापासून निघून तिरपी वर जाणारी सरळ रेघ. रेघेचा चढ म्हणजे त्वरण. त्यातून पहिलं समीकरण: अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. ते एक आयत आणि त्यावर बसलेला त्रिकोण एवढंच आहे. आयत म्हणजे सुरुवातीचा वेग × काळ, त्रिकोण म्हणजे निम्मं त्वरण × काळाचा वर्ग. दोन्हींची बेरीज हे दुसरं समीकरण. आणि दोघांतून काळ काढून टाकला की तिसरं: अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन.

कुठे लागू नाहीत, हे मात्र लक्षात ठेवाच. त्वरण एकसमान असेल तरच ही समीकरणं चालतात. सिग्नल, खड्डे, गतिरोधक असलेल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या गाडीला ती लावता येत नाहीत. तिथे एकूण अंतर आणि एकूण वेळ, एवढंच हाताशी राहतं.

आलेख वाचताना मुलगी सारखी चुकते. काय सांगू?

एका पालकांनी विचारलेला प्रश्न. बहुतेक मुलांची एकच चूक असते: आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र समजतात. अंतर–काळ आलेख उभा चढला की त्यांच्या डोळ्यांसमोर सिंहगडाचा चढ येतो आणि ती म्हणतात, ‘गाडी हळू झाली असेल.’ प्रत्यक्षात उभा चढ म्हणजे जास्त चाल. त्यांना आधी दोन अक्षांची नावं वाचायला लावा, मोठ्याने. मग आडव्या रेघेवर बोट ठेवून विचारा, इथे गाडी काय करतेय? अंतर–काळ आलेखात आडवी रेघ म्हणजे गाडी उभी आहे. वेग–काळ आलेखात तीच आडवी रेघ म्हणजे गाडी एकसारखी चालली आहे. रेघ तीच, गोष्ट वेगळी. घरी जेवणाच्या टेबलावर रोज एक आलेख काढून ‘याची गोष्ट सांग’ असं आठवडाभर करा.

हे सगळं खऱ्या आयुष्यात कुठे लागतं?

ब्रेक लावताना. हे मी कळकळीने लिहिते आहे, कारण अकरावीची मुलं अठराची होण्याची वाट बघत असतात आणि गाडी हातात आली की या धड्याचा आणि रस्त्याचा संबंध विसरतात.

तिसरं समीकरण सांगतं की थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ५ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद इतकं मंदन मिळतं असं धरा. ताशी ४० ने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे १२ मीटरांत थांबेल. ताशी ८० ने जाणारी ४९ मीटरांत. त्याआधी माणसाला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. त्या सेकंदात पहिली ११ मीटर आणि दुसरी २२ मीटर गेलेलीच असते. एकूण २३ आणि सुमारे ७२. पावसात रस्ता निसरडा होऊन मंदन निम्म्यावर आलं तर ताशी ८० च्या गाडीला १२० मीटरांहून जास्त जागा लागेल.

आता उतार. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आणि तिथले जड वाहनांचे अपघात पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत. इंधन वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकून सोडणं हे त्याचं एक कारण वारंवार सांगितलं जातं. त्यामागचं गणित नववीच्या मुलाला जमण्यासारखं आहे. समजा एखादा उतार १०० मीटरला ४ मीटर उतरतो. तिथे उताराच्या दिशेचं गुरुत्व त्वरण ९.८ च्या शंभरांशाच्या चौपट, म्हणजे ०.३९. टायरचा आणि हवेचा विरोध वजा करून ०.३ धरू. आकडा किती बापुडवाणा दिसतो, मेट्रोच्याही एक तृतीयांश! पण ट्रक ताशी ४० वर न्यूट्रल झाला आणि ब्रेक नाही लावला, तर १ किलोमीटर खाली आल्यावर त्याचा वेग किती? तिसऱ्या समीकरणात घाला: ११.१ चा वर्ग अधिक २ × ०.३ × १०००. वर्गमूळ येतं जवळपास २७, म्हणजे ताशी ९७ किलोमीटर. चालकाला मध्ये कुठेही झटका बसत नाही, कारण त्वरण लहान आहे. म्हणूनच ते फसवं आहे. मग तो ब्रेक दाबून धरतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. गाडी खालच्या गिअरमध्ये असती तर इंजिननेच तिला धरून ठेवलं असतं.

रेल्वेने हा हिशोब फार पूर्वीच केला. भोर घाटात चढ ३७ ला १ असा, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर, आहे. तिथे सुटलेली गाडी, विरोध सोडून दिला तर, एका मिनिटात ताशी ५७ वर पोचेल. म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवलेल्या आहेत: ताब्याबाहेर गेलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या चढत्या रुळांवर घ्यायची, म्हणजे तेच गुरुत्व त्वरण उलट्या दिशेने कामाला लागून तिला थांबवतं.

जड वस्तू आधी पडते का?

हवेचा विरोध नसेल तर नाही. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबर पडली. गुरुत्व त्वरण पुस्तकात ९.८ दिलेलं असतं. पुण्यात ते सुमारे ९.७८ आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत आणि समुद्रसपाटीपासून थोडे उंचावरही. गणितात ९.८ च घ्या.

घरी करून बघण्यासारखा एखादा प्रयोग?

आहे, आणि तो गॅलिलिओचाच आहे. सरळ पडणारी वस्तू त्याला मोजता येईना, इतक्या झटकन ती खाली येई. म्हणून त्याने उतरत्या पन्हाळीतून गोळा सोडला, त्वरण कमी करून घेतलं, आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजला. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने हे लिहिलं आहे.

तुम्हाला पाणी तोलायची गरज नाही, फोनवर स्टॉपवॉच आहे. पडद्याचा किंवा वायरिंगचा दोन मीटरचा सरळ चॅनेल घ्या. एका टोकाखाली वह्या ठेवून ते पाचसहा सेंटिमीटर उचला. वरच्या टोकापासून ५० सेंटिमीटरवर आणि २ मीटरवर खूण करा. काचेची गोटी वरच्या टोकाला धरा आणि ढकलू नका, नुसती सोडा. दोन्ही खुणांपर्यंतचा वेळ प्रत्येकी पाच वेळा मोजा आणि सरासरी घ्या. पूर्ण दोन मीटरना साधारण चार-पाच सेकंद लागले तर उतार ठीक आहे. फार लवकर आली तर एक वही काढा.

अंतर चौपट आहे, म्हणून आधी बहुतेकांना वाटतं की वेळही चौपट लागेल. आकडे लिहून काढा. ५० सेंटिमीटरना दोन-सव्वादोन सेकंद लागले असतील, आणि २ मीटरना त्याच्या बरोबर दुप्पट. एवढं जमलं की १२.५ सेंटिमीटरवर आणखी एक खूण करा, आणि गोटी सोडण्याआधी तिथला वेळ किती येईल ते कागदावर लिहून ठेवा.